वरच्या गल्लीची लाईट आणि चतुराबाईंची साखर

कळमनुरीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, गोड फार खाता का?"

"न्हाई तर. चहात घालते तेवढीच साखर."

"किती घालता?"

चतुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं, म्हणजे किशनरावांनी, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. डॉक्टर समजायचं ते समजले.

"गोळ्या सुरू करा. चहा आजपासून बिनसाखरेचा. अन् रोज सकाळी अर्धा तास, दम लागेपर्यंत चालायचं. थंडी असो की काही असो. जानेवारीच्या शेवटी पुन्हा रक्त तपासू. साखर उतरली तर ठीक. नाही उतरली तर मग रोज सुई."

सुई म्हटल्यावर चतुराबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी ही बाई कुणाला भिणारी नव्हती. घरात विंचू निघाला तर त्या माणसं गोळा करत नसत, चप्पल शोधत. बाजारात व्यापाऱ्याला आपली हळद काट्यावर पुन्हा चढवायला लावणाऱ्या गल्लीतल्या त्या एकट्याच. पण सुईपुढं त्यांचं काही चालत नसे. आज रक्त काढताना एक हात कंपाउंडरनं धरला होता, दुसरा किशनरावांनी, आणि तरीही कंपाउंडर स्टुलावरून खाली आला होता.

एस.टी.त बसल्यावर त्या म्हणाल्या, "रोज म्हंजे रोजच का हो?"

"रोजच. जेवायच्या आधी."

"मग मी चालते."

दिवाळी नुकतीच सरली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे चतुराबाई चालायला निघाल्या आणि अर्ध्या तासात चार घरं ओलांडून परत आल्या. पहिल्या घरी विरजण मागितलं. दुसऱ्या घरी म्हाताऱ्या मुंजाजीबुवांनी सुजलेला गुडघा दाखवला. तिसऱ्या घरी मिराबाईंनी सुनेचं गाऱ्हाणं काढलं आणि चौथ्या घरापर्यंत सोबत येऊन ते पुरं केलं. आठ दिवस हेच. चालणारं माणूस म्हणजे रिकामं माणूस, असा डोंगरकडा गावाच्या वरच्या गल्लीचा पक्का समज होता.

"अशानं मला सुई लागती," नवव्या दिवशी त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी पळणार हाय."

किशनरावांनी गोधडीतून एक डोळा बाहेर काढला. "पळणार म्हंजे?"

"पळणार म्हंजे पळणार. पळत्या माणसाला कोणी थांबवीत न्हाई. काल बालाजी मोटर चालू कराया पळत गेला, मिराबाईनं त्याला हटकलं का?"

"अगं, पन्नाशीला आलीस. लोकं काय म्हणतील?"

"लोकांना सुई टोचणार हाय का?"

किशनरावांनी डोळा परत आत घेतला.

किशनराव मनानं चांगले, अंगानं जड. बसले की उठायचं कसं याचाच विचार करत तासभर बसत. त्यांना पळताना गावानं एकाच कारणासाठी पाहिलं होतं, आणि ते कारण म्हणजे लाईट. आता हे लाईटचं जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

त्या वर्षांत शेतातल्या मोटरीला लागणारी तीन फेजची लाईट कधी येईल याचा नेम नसे. हिवाळ्यात बहुधा पहाटे पाच ते सातच्या मधे यायची आणि दोन-तीन तासांत जायची. वरच्या गल्लीच्या बावीस विहिरी, बावीस मोटरी आणि सगळ्या एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. पहिल्या पाच-सहा मोटरी पाणी उचलायच्या. मागून चालू झालेल्या नुसत्या घूं घूं करत बसायच्या. म्हणजे जो आधी पोचेल त्याचाच गहू भिजणार. किशनरावांचं घर गल्लीच्या टोकाला, समोरच शेत. विहिरीवरच्या खोपीत त्यांनी या लाईटवर एक दिवा टांगून ठेवला होता. लाईट आली की दिवा लागे. एरवी तो साऱ्या गल्लीला दिसायचा, पण धुकं पडलं की फक्त किशनरावांच्या ओट्यावरून, तोही पिवळ्या ठिपक्याएवढा. तेव्हा धुक्याच्या दिवसांत लोक आपापल्या शेकोटीला बसून किशनरावांच्या दारावर नजर ठेवायचे. शेकोटी सोडून त्यांच्या गार ओट्यावर येऊन बसायला कोणी राजी नव्हतं. त्या घरातून कोणी शेताकडे पळालं, की समजायचं.

आणि चतुराबाई त्या पहाटे त्याच घरातून शेताकडे पळाल्या.

दाट धुकं होतं. लग्न होऊन नांदेडला गेलेल्या लेकीचे, प्रतिक्षाचे, शाळेतले पांढरे बूट त्यांनी घातले होते. लुगड्याचा ओचा खोचलेला, अंगात किशनरावांचं स्वेटर, कानाला मफलर, हातात बॅटरी. मुंजाजीबुवांच्या शेकोटीला गल्लीतला तरुण बालाजी दात घासत बसला होता. किशनकाकांच्या दारातून कोणीतरी बॅटरी घेऊन सुसाट सुटलेलं त्यानं पाहिलं आणि तोंडातली मशेरी थुंकून हाळी दिली, "लाईट आली रे."

पाच मिनिटांत गल्ली रिकामी झाली.

चतुराबाईंना मागून पावलांचा धबधब आवाज आला. त्यांना वाटलं, काहीतरी मागं लागलं. त्या जोरात पळाल्या. मागच्यांना वाटलं, काकू एवढी जिवाच्या आकांतानं पळते म्हणजे आज लाईट थोडाच वेळ राहणार. ते आणखी जोरात पळाले. डॉक्टरांनी सांगितलेला दम पहिल्याच दिवशी साऱ्या गल्लीला लागला. एकवीस जणांनी एकवीस स्टार्टरची हिरवी बटणं दाबली. कुठंच काही झालं नाही.

सगळे ओढ्यापाशी चतुराबाईंना गाठायला आले. त्या कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या होत्या.

"काकू, लाईट कुठंय?" बालाजीनं विचारलं.

"मला काय इचारतो? मी म्हणले का, लाईट आली म्हणून?"

"मग पळून काहून राहिल्या?"

"साखर हाय मला."

बालाजीनं मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "साखर हाय म्हणे." ते मागच्याला नीट कळलं नाही, पण आज गहू भिजणार नाही एवढं सगळ्यांना कळलं.

पुढचे तीन दिवस गल्ली शहाण्यासारखी वागली. चतुराबाई पळाल्या की लोक म्हणायचे, "साखर चालली," आणि हात शेकत बसायचे. चौथ्या दिवशी, दाट धुक्यात, चतुराबाई ओढ्यापर्यंत पोचायच्या आतच खोपीतला दिवा लागला, खरोखरची लाईट आली. त्यांनी वाटेतच आपली मोटर चालू केली आणि पुढं पळाल्या. गल्लीला कळलं तेव्हा सूर्य वर आला होता आणि लाईट गेली होती. बावीस शेतांपैकी एकाच शेतातला गहू हिरवागार भिजून उभा होता.

"म्हंजे रोज पळणं आलं," मुंजाजीबुवा म्हणाले. "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये म्हणतात. पर हितं पळत्याच्या मागं न्हाई लागलं तर हातचंबी जातं."

म्हणून दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे पुढं चतुराबाई आणि मागं गल्ली. लाईट आली असली तर बरं, नसली तर सगळे आपापल्या विहिरीला हात लावून परत. बालाजीच्या पोटऱ्या सुजल्या. एक जण धुक्यात दुसऱ्याच्याच विहिरीवर गेला आणि त्याचंच बटण दाबून आला, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. आठवड्याभरात गल्लीचं मत पक्कं झालं, की या बाईचं पळणं थांबलं पाहिजे.

ते चतुराबाईंना सांगायची कुणाची छाती नव्हती. म्हणून बालाजी किशनरावांना भेटला.

"काका, काकूला म्हणा दुपारी पळा. न्हाईतर पळूच नका. साऱ्या गल्लीला तकलीफ व्हयला लागली."

"मी म्हणून पाहतो," किशनराव म्हणाले. पण म्हणून पाहणं हेही एक कामच होतं. त्यापेक्षा सोपं म्हणून त्या रात्री त्यांनी प्रतिक्षाचे बूट उचलले आणि ज्वारीच्या कणगीत ठेवून दिले.

पहाटे चतुराबाईंनी बॅटरीच्या उजेडात घर धुंडाळलं. बाजेखाली पाहिलं, चुलीमागं पाहिलं. किशनराव गोधडीत घोरत होते, जरा जास्तच घोरत होते. मग दाराची कडी वाजली आणि घर शांत झालं. आता ती ओट्यावर बसली असेल असं समजून किशनरावांनी खिडकीतून डोकावलं. ओट्यावर कोणी नव्हतं. कार्तिक अखेरचा गारठा, दवानं वाट ओली झालेली, जमिनीला हात लावला तर बोटं आखडावीत. आणि त्या वाटेवर बॅटरीचा उजेड खालीवर होत ओढ्याकडे चालला होता. चतुराबाई अनवाणी पळत होत्या.

किशनरावांना पुन्हा झोप लागली नाही. असं त्यांच्या आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं.

त्या परत आल्या आणि चुलीपुढं पाय शेकत बसल्या. टाचेच्या भेगेतून रक्त आलं होतं.

"बूट सापडले न्हाईत," त्या म्हणाल्या. "उंदरानं न्हेले असतील."

"उंदीर बूट कशाला न्हील?"

"कणगीत ठेवाया."

चतुराबाईंचा आवाज चढलाच नाही, हेच किशनरावांना जास्त लागलं.

"मला सुईचं लई भ्या वाटतं हो," त्या म्हणाल्या. "गल्लीला ठाव न्हाई, ठीक. तुमाला तर ठाव हाय."

किशनराव उठले, कणगीत हात घालून बूट काढले, आतली ज्वारी झटकली आणि चुलीजवळ गरम व्हायला ठेवले. मग त्यांनी डोक्याला मफलर गुंडाळला आणि कुणी बोलावलं नसताना, आपल्या पायांनी, मुंजाजीबुवांच्या शेकोटीकडे निघाले. त्यांना येताना पाहून दोघं जण लाईट आली म्हणून उठले, पण ते चालत येतायत हे पाहून परत बसले.

ते पाहूनच किशनरावांना सुचलं.

"आयका," ते म्हणाले. "चतुरा रोज पळणार. तिला कोणी अडवायचं न्हाई. ती पळाली म्हंजे साखर. अन् मी पळालो म्हंजे लाईट. मी रोज पाच वाजता ओट्यावर बसून दिवा पाहीन. माझ्यावर नजर ठेवा, तिच्यावर नको."

"पर काका," बालाजी म्हणाला, "तुमी उगंच पळणार न्हाई कशावरून?"

शेकोटीभोवतीच्या सगळ्यांनी बालाजीकडे पाहिलं.

"बालाजी, कायबी इचारतो," मुंजाजीबुवा म्हणाले. "किशनला पाळण्यात व्हता तव्हापून पाहतो मी. किशन उगंच पळाला असं कोणी पाह्यलं का?"

कोणी पाहिलं नव्हतं. ठराव तिथंच पास झाला. माणसाच्या आळसावर एकवीस जणांनी इतक्या भरवशानं गहू सोपवल्याचं दुसरं उदाहरण त्या शिवारात नसेल.

दुसऱ्या पहाटेपासून किशनराव गोधडी पांघरून ओट्यावर बसू लागले. दिवा लागला की ते पळायचे आणि गल्ली उठायची. नाही लागला तर सगळे निवांत. पण गारठ्यात बसून किशनकाकांचा डोळा लागला तर गल्लीचं पाणी जाणार, म्हणून पहिल्या दिवशी बालाजीनं त्यांना चहा आणून दिला. दुसऱ्या दिवशी मिराबाईंनी पाठवला. मग कोणी मागं राहायला तयार होईना. घरी चतुराबाई दोघांसाठीही बिनसाखरेचा चहा करत आणि किशनराव तो तोंड वाकडं करून पीत. गल्लीचा चहा मात्र पाहुण्याचा चहा होता. त्यात साखर पाहुण्याला साजेल एवढी असे. पाच वाजता एक, सव्वापाचला एक, दिवा लागेपर्यंत पाच-सहा पेले पोटात जात. गावाच्या कामाला नाही कसं म्हणायचं, असा त्यांचा विचार होता.

ओट्यावर बसून ते दिवा पाहत आणि त्याहून जास्त बायकोला पाहत. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला इतका वेळ सलग कधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला ओढ्यापर्यंत जाताना ती तीनदा थांबायची. मग दोनदा. मग एकदा, बाभळीपाशी. आणि एक दिवस बॅटरीचा उजेड बाभळीपाशी थांबला नाही, तसाच पुढं गेला, तेव्हा किशनरावांचा चहाचा पेला हातातच राहिला. ज्या पहाटे गल्लीतली कुत्री राखेतून उठली नाहीत त्या पहाटेही चतुराबाई पळाल्या. अंगात कणकण होती तेव्हा पळाल्या. संक्रांतीला घरोघरी तिळगुळ वाटून आल्या, एकही तोंडात टाकला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळाल्या. परत यायच्या तेव्हा भुवयांवर धुक्याचे थेंब असायचे आणि तोंडातून वाफ निघत असायची. किशनरावांना वाटायचं, ही माझी बायको आहे हे कुणालातरी सांगावं. मग चहा घेऊन आलेल्या माणसाला ते सांगायचे.

"आज साठ दिवस झाले. एक खाडा न्हाई."

"व्हय काका. चहा प्या, गार व्हतो."

जानेवारीच्या शेवटी दोघं पहिल्या गाडीनं कळमनुरीला गेले. कंपाउंडर या खेपेला स्टूल भिंतीला टेकवून बसला होता. चतुराबाईंनी डोळे मिटले, ओठ दाबले आणि हात पुढं केला. सुई आत गेली, बाहेर आली. कंपाउंडर जागच्या जागी होता.

दुपारी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "दोनशे ऐंशीवरून एकशे वीसवर. बाई, सुईची काही गरज नाही. केलंत तरी काय?"

"पळाले," चतुराबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावला.

पण किशनरावांना एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी धुकं सांगितलं, बूट सांगितले, कणगीचं गाळलं, बाभळीचं दोनदा सांगितलं. डॉक्टर कौतुकानं ऐकत होते.

"वा. अन् तुम्ही काय करता रोज सकाळी?"

"मी ओट्यावर बसतो. गावाचं काम हाय."

"नुसते बसता? थंडीचं?"

"न्हाई, चहा असतो ना. साऱ्या गल्लीचा. पाच-सहा पेले व्हतात."

"साखरेचा?"

किशनरावांनी चतुराबाईंकडे पाहिलं. चतुराबाई कॅलेंडरकडे पाहत नव्हत्या. त्या सरळ किशनरावांकडेच पाहत होत्या.

डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली. एक हात कंपाउंडरनं धरला, दुसरा चतुराबाईंनी.

"तीनशे दहा," तासाभरानं डॉक्टर म्हणाले. "तुमच्या घरात पळायचं कसं ते आता मी सांगायला नको. तीन महिने. नाहीतर सुई."

एस.टी.त बसल्यावर किशनराव म्हणाले, "दुपारी पळालो तर चालंल का?"

"दुपारी ऊन असतं," चतुराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या पहाटे धुकं असं पडलं होतं की गल्लीतून समोरचं शेत दिसत नव्हतं. मुंजाजीबुवांच्या शेकोटीला सगळे निवांत बसले होते. चतुराबाई पळत गेल्या. "साखर चालली," कोणीतरी म्हणालं. बालाजी चहाचा पेला घेऊन काकांच्या ओट्याकडे निघाला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत किशनराव ओट्यावरून उतरले, धोतराचा काचा मारला आणि शेताकडे पळत सुटले.

बालाजीनं पेला तिथंच टाकला. "लाईट," तो ओरडला. "काका पळाले."

एकवीस जण सुटले. एकवीस हिरवी बटणं दाबली गेली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मोटरी गप्प.

"लाईट न्हाई वाटतं," एक जण म्हणाला.

"असं कसं?" बालाजी चिडून म्हणाला. "काका पळालेले म्या डोळ्यांनी पाह्यले. लाईट आलेलीच हाय. डीपीत काहीतरी बिघाड झाला. बाबूसिंग वायरमनला उठवा."

दोन जण वायरमनच्या घराकडे पळाले. बाबूसिंग कानटोपी घालून डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला की लाईट अजून सुटलीच नाही. त्यावर त्याला ठणकावून सांगण्यात आलं, की किशनराव पळाले आहेत, तेव्हा खोटं बोलू नको. बाबूसिंग किशनरावांना ओळखत होता. त्यानं पक्कड उचलली आणि डीपीकडे निघाला.

इकडं बाभळीपाशी किशनराव थांबले होते. झाडाला हात टेकवून ते श्वास शोधत होते. छाती भात्यासारखी हलत होती, थंडीत घाम आला होता. ओट्यावरून ही बाभळ किती जवळ दिसायची. एवढंच अंतर ती रोज जाऊन, पुढं ओढ्यापर्यंत जाऊन, परत यायची. अनवाणीसुद्धा आली होती. किशनरावांना एकदम भरून आलं, पण त्यालाही श्वास लागतो, म्हणून त्यांनी ते पुढं ढकललं.

ओढ्याकडून बॅटरीचा उजेड परत आला. चतुराबाई त्यांच्यापुढं येऊन जागच्या जागी पाय हलवत उभ्या राहिल्या.

"सुरवातीला मीबी हितंच थांबत व्हते," त्या म्हणाल्या. "त्याच्याआधी दोनदा थांबून. तुमी एकदाच थांबले."

एवढं कौतुक किशनरावांच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. ते जरा ताठ झाले.

"आता चालत जाऊ घरी," ते म्हणाले. "हळूहळू. गप्पा मारत."

"चालू नका. चालत्या माणसाला लोकं थांबवतात."

"एवढ्या धुक्यात कोण येतंय थांबवाया?"

चतुराबाईंनी बॅटरी त्यांच्या पाठीमागं धरली. धुक्यातून आधी बालाजी दिसला, मग त्याच्या मागं बाकीचे, कुणाच्या हातात वायर, कुणाच्या हातात टेस्टर, आणि सगळ्यात मागं पक्कड घेतलेला बाबूसिंग.

"काका," बालाजीनं लांबूनच विचारलं, "लाईट कुठंय?"

किशनरावांनी एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि पळाले.